एमआरआयला नव्याने लागलास ना, मग हे ऐक

स्कॅन संपला, लाइट गेली, रविवार असला, तरी चुंबक चालूच असतो. त्याची ताकद टेस्लामध्ये मोजतात; 1.5 टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण 30,000 पट. 2018 च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात एक नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला आणि जिवाला मुकला. दार उघडं टाकून चहाला जायचं नाही. वॉर्डबॉय, मावशी, मोठे डॉक्टरसुद्धा खिसे रिकामे केल्याशिवाय आत नाहीत. (डॉक्टरांना सांगताना जीभ अडखळते, माहितीये. तरी सांग.)

"अंगावर मेटल आहे का?" असं विचारलंस तर पेशंट "नाही" म्हणूनच मोकळा होतो. वस्तूचं नाव घेऊन विचार: पदराची पिन, केसांतले आकडे, करदोटा, कवळी, कानाचं मशीन. एका आजींनी मंगळसूत्रापासून सगळं उतरवलं होतं. ब्लाउजच्या आतल्या बाजूला चार सेफ्टी पिना मात्र तशाच. "त्या काय दागिना आहेत होय?" म्हणाल्या. लेथवर किंवा वेल्डिंगला काम केलेल्याला डोळ्यात कधी कीस गेला होता का, हे विचारच. पेसमेकर असेल तर कार्ड माग, मॉडेल बघून रेडिओलॉजिस्ट ठरवतील. "मागच्या वेळी झाला होता" हे उत्तर धरायचं नाही.

हात एकमेकांत गुंफू देऊ नकोस, उघड्या मांड्यांच्या मध्ये पॅड ठेव. कातडी कातडीला टेकली की तिथे भाजतं. कानाला संरक्षण सगळ्यांना, बेशुद्ध पेशंटलाही.

आत कोणी कोसळलं तर आधी पेशंट बाहेर काढायचा, मग बाकीचं. क्रॅश ट्रॉली (तातडीच्या औषध-उपकरणांची गाडी) आत येता कामा नये.