थंडीच्या कडाक्यात द्राक्षवेल प्रकाशसंश्लेषणाची जनुकं बंद करते का? (निफाड, नाशिक)

पूर्ण बंद नाही, पण हात आखडता घेते.

निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आला की पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, आणि तासा-दोन तासांत ऊन मात्र लख्ख पडतं. खरी गोची तिथेच. हरितद्रव्य गारठ्यातही प्रकाश शोषतच राहतं, पण साखर बनवणारी विकरं (एन्झाइम) मंदावलेली असतात. न खपलेली ऊर्जा ऑक्सिजनच्या माथी बसते आणि त्याची घातक रूपं पानाला आतून पोळतात.

पहिल्या काही मिनिटांत जनुकांपर्यंत जावंच लागत नाही. झिअॅझँथिन हे रंगद्रव्य तयार होतं, जादा ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर टाकली जाते. ताण टिकला तर हरितलवक, म्हणजे पेशीतला प्रकाशसंश्लेषणाचा कारखाना, पेशीकेंद्रकाला निरोप धाडतं. मला यातलं सगळ्यात भारी हेच वाटतं, कारण लवकाकडे स्वतःची जनुकं जेमतेम शंभर-सव्वाशे. बाकी कारभार केंद्रकाकडे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्कोसारख्या मुख्य विकराचासुद्धा मोठा भाग लवकातल्या जनुकावरून बनतो, छोटा केंद्रकातल्या. निरोप पोचला की प्रकाश गोळा करणाऱ्या प्रथिनांची जनुकं मंदावतात, संरक्षक प्रथिनांची जोर धरतात.

पाण्याच्या ताणात हेच निरोपाचं काम बरंचसं अॅब्सिसिक आम्ल हे वनस्पतीतलं संप्रेरक करतं. ते आधी पर्णरंध्रं मिटवतं.

गारठ्यात पान फिकट होणं हा वेलीने हात आखडता घेतल्याचा परिणामही असू शकतो, त्यामुळे ते दिसलं म्हणून लगेच युरिया टाकू नका. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील, तर नत्राच्या कमतरतेचा संशय घ्या आणि देठ परीक्षण करून घ्या.