देवाचं अनुकरण करायचं म्हणजे अडतीवर बसणाऱ्या माणसाने नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिता, वर्षभर उपासनेला जाताय, बाप्तिस्मा अजून घेतलेला नाही. पाळकांनी बायबलातल्या इफिसकरांस पत्रातलं 'देवाचं अनुकरण करा' हे वाक्य घेतल्यापासून तुम्हाला प्रश्न पडलाय, की देव कुठे आणि मी कुठे. मी मिरजेची, नर्स म्हणून निवृत्त झाले. धर्मशास्त्र शिकलेली नाही. पण हिशेब या विषयावर माझ्या घरातही बरंच रामायण झालंय, म्हणून लिहिते.

ते वाक्य 5व्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे, पण अध्यायांचे आकडे पत्र लिहिणाऱ्या पौलाने घातलेले नाहीत, ते कितीतरी शतकांनंतर पडले. म्हणून 4थ्या अध्यायाची शेवटची ओळ त्याला जोडून वाचा. तिथे कनवाळूपणा आणि क्षमा आहे. म्हणजे देवाचं काय उचलायचं ते आधीच सांगून झालंय. आमच्याकडे मात्र देवाचं अनुकरण म्हटलं की माणसं थेट न्यायासनावर जाऊन बसतात. कोण उपासनेला उशिरा आलं, कोणाच्या मुलीने कुठे लग्न केलं, सगळ्यांचा निवाडा तयार. आणि नेमकं तेच खातं देवाने स्वतःकडे ठेवलंय; रोमकरांस पत्राचा 12वा अध्याय बघा.

तुमच्या कामासाठी मी बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा 19वा अध्याय वाचायला सांगेन. सुरुवातीलाच देव म्हणतो, मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा. आता पुढे काहीतरी उंच, गूढ येईल असं वाटतं. येतं काय, तर शेताच्या कडेचं पीक गरिबाला सोडा, मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवून ठेवू नका, वजनमापं खरी ठेवा. हे तर तुमच्या अडतीचंच वर्णन झालं! शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदात, कडता (वजनातली कपात) किती धरला, हमालाचे पैसे संध्याकाळी दिले की 'उद्या ये' म्हणालात, पवित्रपणा तिथे आहे. शेठ वेगळं लिहायला सांगत असतील तर अवघड आहे, मला कळतं. तरी तिथे पैशापैशाचा हिशेब चोख ठेवा. प्रेमाच्या नावाखाली खतावणी ढिली ठेवणं हे काही अनुकरण नव्हे.

घरात मात्र उलटं.

आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, सासूबाईंचं सांगलीतलं घर परस्पर स्वतःच्या नावावर करून घेतलं. सहा वर्षं बोलणं बंद. मग ऑगस्ट 2019चा पूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 फुटांवर. ज्या घरासाठी भांडण, त्याचा तळमजला पाण्यात. भाऊजी, जाऊ आणि दोन पोरं चार पिशव्या घेऊन आमच्या दारात. मी 'या' म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

अकरा दिवस राहिले. लोक मला म्हणाले, किती मोठं मन. मन कसलं मोठं! मी भाकऱ्या थापत होते आणि प्रत्येक भाकरीबरोबर एक आकडा मांडत होते. ही आठवी भाकरी त्या माणसाच्या पोराला, ज्याने माझ्या पोराचा वाटा खाल्ला. तोंडाने काही नाही, पण तवा जरा जोरातच आपटत असणार, कारण जाऊ स्वयंपाकघरात यायची बंद झाली.

त्याच आठवड्यात करिंथकरांस पहिल्या पत्रातला तो प्रसिद्ध प्रीतीचा अध्याय समोर आला. आपल्या मराठी बायबलात तिथे 'अपकार स्मरत नाही' असं आहे. मूळ ग्रीक क्रियापद हिशेब मांडण्याचं आहे, वहीत नोंद करतात ते. पाळकांनी हे पूर्वी कधीतरी सांगितलं होतं, तेव्हा कानावरून गेलं. आता पिठाचे हात तसेच राहिले.

लगेच प्रेम दाटून आलं असं समजू नका. मी एवढंच केलं: बाहेर जाऊन म्हटलं, "भाऊजी, घराच्या बाबतीत तुम्ही चुकलात. मला ते अजून लागतं. आता जेवायला बसा." ते खाली बघत राहिले. मग बसले. माझ्या मते दोन्ही वाक्यं लागतात. पहिलं गिळून नुसतं दुसरं म्हटलं की तवा आपटला जातो. आणि पहिल्यावरच थांबलं की आपण परत न्यायासनावर.

घर अजून त्यांच्याच नावावर आहे. वाटणीच्या आकड्यांचा ह्यांनी लिहिलेला कागद अजून आमच्या कपाटात आहे, फाडायला हे तयार नाहीत. मी तो काढून बघत नाही, एवढंच.

बाप्तिस्मा झालेला नाही म्हणून हे सगळं तुमच्यासाठी नाही, असं तुमच्या प्रश्नात कुठेतरी डोकावतं. तुमच्या शेजारच्या साताऱ्यात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 साली 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त चालत. तेव्हा उद्याची पट्टी लिहायला थांबायचं कारण नाही.

पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं की आता भाऊजींचाच फोन येतो, "वहिनी, पस्तीस फूट झालं." मी माळ्यावरच्या गाद्या खाली काढते.