लघवीतलं रक्त, कपाटातला कागद आणि चौदा महिने

ग्राहक हक्क : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून लिहिते आहे. नाव छापू नका. आमची पिठाची आणि कांडपाची गिरणी आहे. मिस्टरांचं वय ५४. मार्च २०२३ मध्ये त्यांना लघवीला लाल जायला लागलं. दुखत काहीच नव्हतं. गावातल्या डॉक्टरांनी उन्हाळी लागली म्हणून गोळ्या दिल्या, थांबलं. जूनमध्ये पुन्हा तेच झालं आणि कमरेत कळही आली, म्हणून तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली, सलाईन लावून दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, सहा एमएमचा खडा आहे, पाणी पीत राहा, पडून जाईल. पुढे पाच वेळा त्यांच्याकडेच गेलो. दर वेळी खड्याचंच औषध. सगळे मिळून ३८ हजार रुपये गेले.

ऑगस्ट २०२४ मध्ये वजन फार उतरलं, खोकला जाईना. पुण्याला नेलं. सीटी स्कॅनमध्ये उजव्या किडनीत नऊ सेंटिमीटरची गाठ निघाली, मोठ्या शिरेत शिरलेली, आणि फुप्फुसात ठिपके. किडनी काढली, आता महागड्या गोळ्या चालू आहेत. पुण्याच्या डॉक्टरांनी जुनी फाइल चाळली आणि २०२३ च्या सोनोग्राफीच्या कागदावर बोट ठेवलं. त्यात इंग्रजीत लिहिलंय, की उजव्या किडनीच्या वरच्या टोकाला ४.२ सेंटिमीटरची संशयास्पद गाठ दिसते, सीटी स्कॅन करून खात्री करावी. हा कागद चौदा महिने आमच्या कपाटात होता. मला ते आठवलं की झोप लागत नाही.

दीर म्हणतात, डॉक्टरांच्या वाटेला जाऊ नका. भाचा म्हणतो, पोलिसांत जाऊ. पुण्याचे डॉक्टर काही लिहून द्यायला तयार नाहीत. आणि जुन्या दवाखान्यातून फोन आला होता, फाइल घेऊन या, साहेबांना बघायचीय. भरपाई मागता येते का? उशीर झाला का?

उत्तर : ताई, आधी फाइलचं. मूळ फाइल कुणालाही देऊ नका. बघायची असेल तर झेरॉक्स द्या, आणि दिल्याची पोच घ्या. सोनोग्राफीचा तो एक कागद तुमच्या प्रकरणाचा कणा आहे. तो आजच वेगळा काढा, दोन्ही बाजूंचे फोटो काढून मुलांच्या मोबाइलवरही ठेवा.

कपाटाचं जे लिहिलंत, ते दोनदा वाचलं. तो कागद वाचणं हे तुमचं काम नव्हतं. ज्यांनी सोनोग्राफी करायला सांगितली, पैसे घेतले आणि रिपोर्ट हातात धरून 'खडा आहे' असं सांगितलं, त्यांचं ते काम होतं. हे मी धीर द्यायला म्हणत नाही, तुमच्या तक्रारीचा मुद्दाच हा आहे. दुखत नसताना लघवीतून रक्त जाणं, तेही चाळिशी उलटलेल्या माणसाला, ही साधी गोष्ट नव्हे. खडा सापडला तरी शोध तिथं थांबत नाही, कारण खडा आणि गाठ एकाच किडनीत असू शकतात. इथं तर सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी गाठ पाहिली, मोजली आणि पुढची तपासणीही लिहून दिली. म्हणून त्यांना प्रतिवादी करू नका. त्यांचा कागद तुमचा सर्वांत मोठा साक्षीदार आहे.

मी दहा वर्षं जिल्हा ग्राहक मंचाची सदस्य होते (आता त्याला आयोग म्हणतात). वैद्यकीय तक्रारी आमच्यासमोर नेहमी यायच्या, आणि बऱ्याच एकाच कारणानं पडायच्या. माणसं दु:ख लिहून आणायची, तारखा आणायची नाहीत. 'डॉक्टरांनी आमचं घर उद्ध्वस्त केलं' हे वाक्य खरं असतं, पण त्यावर निकाल देता येत नाही. कायद्याचा प्रश्न वेगळा आहे. निदान चुकलं एवढ्यानं निष्काळजीपणा ठरत नाही. त्या दिवशी डॉक्टरांसमोर जे होतं, ते पाहून एखाद्या साधारण जाणत्या डॉक्टरानं जे केलं असतं, ते यांनी केलं का, हे पाहिलं जातं. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयानं हीच कसोटी धरली. तुमच्या बाजूला छापील सल्ला आहे आणि तो पाळला गेला नाही. माझ्यासमोर आलेल्या फार थोड्या लोकांकडे इतका स्वच्छ कागद होता.

त्याच निकालामुळे भाच्याला थांबवा. फौजदारी गुन्ह्याला साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो अत्यंत ढोबळ दर्जाचा असावा लागतो. शिवाय पोलीस डॉक्टरवर पुढे पाऊल टाकण्याआधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं मत घेतील. तुमची वर्षं त्यात जातील आणि भरपाई त्यातून मिळणार नाही. मुंबईच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार जरूर करता येते. पण कौन्सिल डॉक्टरला ताकीद देईल किंवा नोंदणी काही काळ काढून घेईल, पैसे देववणार नाही. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगच. पैसे देऊन घेतलेले उपचार ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे, हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानं पक्कं केलं. बिल विम्यानं भरलं तरी हक्क जात नाही. सगळ्यांनाच फुकट उपचार देणारं सरकारी रुग्णालय मात्र या कायद्यात येत नाही. तिथं दिवाणी दावा करावा लागतो आणि त्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

आता उशीर. उत्तरातला सर्वांत नाजूक भाग हा आहे, म्हणून सावकाश वाचा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. तुमच्यासाठी ते कारण कधी घडलं? मी म्हणेन ऑगस्ट २०२४, कारण गाठ आहे हे तुम्हाला तेव्हा कळलं. म्हणजे ऑगस्ट २०२६ पर्यंत मुदत आहे. आज फेब्रुवारी आहे. पण समोरचे वकील म्हणतील, कागद जून २०२३ पासून तुमच्याच घरात होता, दोन वर्षं गेल्या जूनमध्ये संपली. आणि ते एक निकाल पुढे करतील. गोव्यातल्या एका परिचारिकेच्या पोटात १९९३ च्या शस्त्रक्रियेत कापडाचा बोळा राहिला होता, तो २००२ मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत निघाला. कळल्यापासून मुदत मोजा, असं ती म्हणाली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली, कारण ती स्वत: वैद्यकीय क्षेत्रातली होती आणि नऊ वर्षं दुखत असूनही तिनं शोध घेतला नाही. मला तो निकाल तिच्यावर कठोर वाटतो. तरी तुमच्या उपयोगाचा आहे. तुम्ही गिरणीवाली माणसं, इंग्रजी रिपोर्ट तुम्हाला वाचता येत नाही, आणि तुम्ही गप्प बसला नाहीत. पाच वेळा त्याच डॉक्टरांकडे गेलात आणि पाचही वेळा त्यांनी खडाच सांगितला. त्या पाच चिठ्ठ्या तारखेसह लावा. तुम्ही वाट पाहिलीत ती त्यांच्या शब्दावर, हे त्यातूनच दिसेल. सोबत विलंब माफ करण्याचा अर्जही जोडा, गरज नाही असं वाटलं तरी जोडा. आणि ऑगस्टपर्यंत थांबू नका.

घाईचं आणखी एक कारण आहे. दाखल रुग्णाची नोंद डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायची, असा २००२ चा नियम आहे. तुमची जून २०२३ ची नोंद या जूनमध्ये त्या मुदतीबाहेर जाईल. या आठवड्यातच त्या दवाखान्याला स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह, अर्ज पाठवा : दाखल असतानाचे केसपेपर, नर्सच्या नोंदी, सोनोग्राफीच्या फिल्म, सगळं द्या. मागितल्यापासून ७२ तासांत देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. दिलं नाही, तर तेही तक्रारीत लिहायचं.

पुण्याचे डॉक्टर लिहून देत नाहीत याचा राग धरू नका. त्यांच्याकडून मत नको, फक्त वस्तुस्थिती हवी : गाठ किती सेंटिमीटरची, कुठल्या टप्प्याची, कुठल्या तारखेला. डिस्चार्ज कार्डात आणि बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ते आहेच. तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असंही नाही. हैदराबादच्या एका बाईंचा मलेरिया टायफॉइड समजून हाताळला गेला आणि त्या गेल्या. त्यांच्या नवऱ्याच्या, व्ही. किशन राव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये हे स्पष्ट सांगितलं. गरज वाटली तर आयोगच कागदपत्रं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवतो.

खरी झुंज पुढच्या प्रश्नावर होईल : जून २०२३ मध्ये गाठ कळली असती, तर काय वेगळं झालं असतं? किडनीतच असलेली सात सेंटिमीटरपर्यंतची गाठ पहिल्या टप्प्यात मोडते. ती शस्त्रक्रियेनं काढतात आणि पुष्कळ रुग्णांना पुढे औषधही लागत नाही. शिरेत शिरलेली गाठ तिसऱ्या टप्प्यात जाते, फुप्फुसात पोहोचली की चौथ्या. समोरून म्हटलं जाईल, किडनीच्या गाठी हळू वाढतात, फुप्फुसातले ठिपके आधीपासूनच असतील. लहान गाठींबद्दल पहिलं वाक्य बहुधा खरं असतं. म्हणूनच २०२३ मध्ये दाखल असताना छातीचा एक्स-रे काढला होता का, ते शोधा. काढला असेल आणि तो स्वच्छ असेल, तर बारीक ठिपके एक्स-रेत निसटतात हे धरूनही त्याला वजन आहे.

किती मागायचं, तर हिशेब प्रामाणिक ठेवा. शस्त्रक्रिया तेव्हाही लागलीच असती, म्हणून तिचा सगळा खर्च त्यांच्यावर टाकू नका. चालू गोळ्यांचा खर्च, पुण्याच्या फेऱ्या, गिरणी बंद राहिल्याचं नुकसान, मिस्टरांच्या वाट्याला आलेलं दुखणं आणि तुम्हा दोघांचा मानसिक त्रास, हे मागा. फुगवलेला एक आकडा सापडला की खरे आकडेही संशयात पडतात, हे मी बाकावर बसून पाहिलं आहे. कुठल्या आयोगाकडे जायचं हे मागणीवर नाही, दवाखान्याला दिलेल्या रकमेवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. तुमचे ३८ हजार आहेत, म्हणजे शुल्कही नाही, पाच लाखांपर्यंत ते माफ आहे. राहता त्या जिल्ह्यातच दाखल करता येते, ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइनही. वकील सक्तीचा नाही, पण या प्रकरणात ठेवा.

एक गोष्ट लिहायला जड जाते, तरी लिहिते. तक्रार मिस्टरांच्या नावानं, त्यांच्या सहीनं करा आणि त्यांचं शपथपत्र आत्ताच तयार करून घ्या. डॉक्टर काय म्हणाले, ते कुठे बसले होते, रिपोर्ट त्यांनी उघडून पाहिला का, हे सगळं त्यांच्या तोंडून यायला हवं. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात वर्षं लागतात. मध्येच काही झालं तर वारस म्हणून तुम्ही तक्रार पुढे चालवू शकता, ती संपत नाही. पण त्यांच्या शब्दांची जागा दुसरं कुणी घेऊ शकणार नाही. एखाद्या दुपारी, त्यांना बरं वाटत असेल तेव्हा, जवळ बसा आणि ते बोलतील तसं लिहून घ्या.

प्रश्न : माझं वय ४७, ठाण्यात राहतो. किडनीत तीन सेंटिमीटरची गाठ दिसली, कॅन्सर सांगून पूर्ण किडनी काढली. नंतरच्या रिपोर्टमध्ये ऑन्कोसायटोमा, म्हणजे साधी गाठ निघाली. चुकीच्या निदानाबद्दल भरपाई मिळेल?

उत्तर : निदानाच्या मुद्द्यावर बहुधा नाही. ऑन्कोसायटोमा आणि कॅन्सर सीटी स्कॅनवर खात्रीनं वेगळे ओळखता येत नाहीत, सुईनं तुकडा काढूनही कधी कधी शंका उरते. म्हणून अशी गाठ काढणं हा मान्य मार्ग आहे. तुम्हाला फसवलं गेलं असं वाटणं मी समजू शकते, पण तेवढ्यावर तक्रार टिकणार नाही.

मला तुमच्या पत्रातला दुसराच शब्द टोचला : 'पूर्ण'. चार सेंटिमीटरच्या आतल्या गाठीत, जागा सोयीची असेल तर, फक्त गाठ काढून किडनी वाचवणं आज पहिली पसंती मानतात. तुमची गाठ किडनीच्या मधोमध, शिरांना चिकटून होती का? तसं असेल तर डॉक्टरांपुढे इलाज नसेल. नसेल, तर हा पर्याय तुम्हाला सांगितला होता का? पर्याय आणि धोके सांगून घेतलेली संमतीच खरी संमती, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ च्या समीरा कोहली निकालात म्हटलं आहे. संमतीपत्राची प्रत आणि शस्त्रक्रियेची टिपणं दवाखान्याकडून लेखी मागवा. संमतीपत्रावर तुमची सही कुठल्या तारखेची आणि किती वाजताची आहे ते पाहा. ऑपरेशन थिएटरच्या दारात ती घेतली असेल, तर मला पुन्हा लिहा.