जुन्या कबरीवरच्या मराठी अक्षरांचे वळण कसे ओळखावे आणि त्याच वळणात नवे नाव कसे कोरून घ्यावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: इंदूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आपल्या आजोबांच्या कबरीवर १९६४ सालची संगमरवरी पाटी आहे. तिच्या खालच्या मोकळ्या जागेत आता वडिलांचे नाव आणि तारखा त्याच अक्षरांत कोरायच्या आहेत. दुकानदाराने संगणकावर काढून दिलेला नमुना मात्र जुन्या ओळींखाली परका दिसतो, म्हणून जुन्या अक्षरांचा फॉन्ट कोणता, हे आपल्याला हवे आहे. मी इंदुरातच पाट्या आणि कोरीव लेखांसाठी अक्षरे आखून देण्याचे काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

त्या पाटीला फॉन्ट नाही. त्या काळी पेंटर किंवा स्वतः पाथरवट दगडावर ओळी आखून कुंचल्याने अक्षरे काढीत असे आणि मग ती छिन्नीने कोरली जात. त्या हातावर छापील अक्षरांचा संस्कार असे, हे खरे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे टाइप इतके सर्वदूर पोहोचले होते की मराठी माणसाच्या डोळ्यात ‘सुंदर अक्षर’ म्हणून तेच वळण बसले होते. तरीही हाताने काढलेले अक्षर त्या टाइपाची हुबेहूब नक्कल कधीच नसते. त्यामुळे फॉन्टची नावे शोधण्यात वेळ घालवू नये आणि पाटीवरच्या अक्षरांनाच नमुना मानावे. नाव, दोन तारखा, गाव आणि ‘प्रभूमध्ये निजले’ अशा मजकुरात आपल्याला लागणारी बरीच अक्षरे आधीच कोरलेली आहेत.

दुकानदाराचा नमुना परका का दिसतो, याचे पहिले कारण अक्षरांच्या रूपांत आहे. आपल्याकडच्या दुकानांत मजकूर बहुधा कृतिदेव या हिंदी वापरातल्या फॉन्टात बसवतात आणि त्यातली रूपे हिंदी वळणाची असतात. आपण पाठवलेल्या छायाचित्रात ‘निजले’मधला ल दोन पाकळ्यांचा आहे, नमुन्यात मात्र तो उजवीकडे उभा दंड असलेला आला आहे. श चेही तसेच: मराठी वळणाचा श देठाचा, हिंदी वळणाचा गाठीचा. महाराष्ट्र शासनाने २००९ साली पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवले, परंतु इंदूरच्या जुन्या मराठी पाट्यांवर ही रूपे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. अ, झ, ण आणि ५, ८, ९ हे अंकही मुंबई (म्हणजे मराठी) वळणात आणि जुन्या उत्तरेकडील वळणात वेगवेगळे असतात, म्हणून यांतले जे जे पाटीवर आहे ते आधी तपासावे. जोडाक्षरांकडेही पाहावे. हाताने आखणारा माणूस जोडाक्षर एकाखाली एक रचण्यास कचरत नसे, पण संगणकावर ते अनेकदा पाय मोडून शेजारी-शेजारी येते, आणि तेवढ्यानेही ओळीची चाल बदलते.

दुसरे कारण जाड-बारीकपणाचे आहे. देवनागरीचा बोरू रोमन लेखणीच्या उलट दिशेने तिरका कापतात, त्यामुळे जाड आणि बारीक रेषाही रोमन अक्षरांच्या उलट दिशेने पडतात. जुन्या कारागिराच्या हातात दगडावर कुंचला असला तरी डोळ्यात बोरूचीच रेषा होती. ती ओळखण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे अनुस्वार. आपल्या छायाचित्रात ‘इंदूर’वरचे टिंब शंकरपाळ्यासारखे टोकावर उभे आहे, आणि ते बोरूच्या वळणाचे आणि छिन्नीच्या कामाचे लक्षण आहे. यंत्राने पाडलेले टिंब गोल असते. नव्या ओळीत एकच टिंब गोल आले तरी ते लांबूनही खटकेल. हीच नजर पुढे रफार, वेलांटीची कमान, मात्रेचा कल आणि उकाराचे शेपूट यांवर फिरवावी. एका हाताच्या सवयी या लहान चिन्हांत जितक्या उघड होतात तितक्या मुख्य अक्षरांत होत नाहीत.

आता मोजमाप. दांड्याची जाडी हे एक माप धरावे आणि शिरोरेषेपासून पायथ्यापर्यंत अक्षर त्याच्या किती पट उंच आहे, शिरोरेषा दांड्याएवढीच जाड आहे की कमी, ती शब्दभर सलग आहे की अक्षरागणिक तुटते, दांड्याचे खालचे टोक सपाट आहे की तिरके, हे लिहून ठेवावे. दोन ओळींमधले अंतरही मोजावे. वर मात्रा आणि खाली उकार आल्यावर त्या कारागिराने जागा कशी काढली, हे त्यावरून कळते.

छायाचित्र पाटीच्या अगदी समोरून, थोडे लांब उभे राहून झूम करून घ्यावे, म्हणजे कडा वाकड्या दिसणार नाहीत, आणि चौकटीत फूटपट्टी ठेवावी. प्रकाश बाजूने पडला पाहिजे. सकाळचे किंवा उतरतीचे ऊन चांगले, आणि पाटी सावलीत असेल तर आरशाने ऊन बाजूने पाडता येते. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा पावडर चोळू नये, आणि लिंबू किंवा फरशी धुण्याचे आम्ल तर संगमरवराला लावूच नये, कारण संगमरवर आम्लात विरघळतो आणि अक्षरांच्या कडा कायमच्या जातात. पाटी घट्ट असेल आणि तिचे पापुद्रे सुटत नसतील, तर पातळ कागद चिकटपट्टीने ताणून बसवावा आणि त्यावर मेणाची कांडी आडवी धरून हलक्या हाताने ठसा उतरवावा. खऱ्या मापाचा असा ठसा छायाचित्रापेक्षा अधिक उपयोगाचा ठरतो.

आपल्याला लागणारे जे अक्षर पाटीवर नाही, ते त्याच दफनभूमीत शोधावे. एका दशकातल्या शेजारशेजारच्या पाट्या अनेकदा एकाच कारागिराच्या असतात. टिंब, रफार आणि ९ चे शेपूट जुळले की हात तोच समजण्यास हरकत नाही. काही पाट्यांच्या तळाशी, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत कारागिराचे किंवा दुकानाचे नावही असते. तरीही एखादे अक्षर सापडले नाही, तर नात्यातल्या अक्षरावरून घडवावे: प वरून ष, व वरून ब, त वरून त्र. चांगला पेंटर हे सहज करतो, आणि अशा कामासाठी पाट्या रंगवणारा जुना पेंटर गाठणे मला संगणकापेक्षा खात्रीचे वाटते. संगणकच वापरायचा झाला तर ठशाचे स्कॅन करून त्यावरून अक्षरे आखून घ्यावीत. फॉन्टवरच भागवावे लागले, तर मराठीसाठी वेगळी रूपे दिलेला युनिकोड फॉन्ट निवडून मजकुराची भाषा ‘मराठी’ ठेवावी, नाहीतर ल आणि श पुन्हा हिंदी वळणाचे येतील.

कोरण्याची पद्धत जुळली नाही, तर अचूक आखलेले अक्षरही वेगळे दिसते. छिन्नीने कोरलेल्या अक्षराचा छेद इंग्रजी व्ही सारखा असतो आणि तळाशी एक बारीक रेषा धावते, त्यामुळे उन्हात अर्धे अक्षर उजळते आणि अर्धे सावलीत राहते. रबरी स्टेन्सिल चिकटवून वाळूच्या झोताने खोदलेल्या अक्षराचा तळ सपाट किंवा किंचित गोल असतो आणि ही छाया त्यात येत नाही. काही जुन्या पाट्यांवर अक्षरांत शिसे ठोकून भरलेले असते. शिसे निघून गेलेल्या जागी तळाशी बारीक भोके दिसतात, ती त्याची खूण. आपल्या पाटीवर भोके दिसत नाहीत, अक्षरे छिन्नीची असून त्यांत काळा रंग भरलेला आहे. म्हणून काम हातानेच करून घ्यावे, किंवा निदान व्ही टोकाच्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रावर कोरून कोपरे छिन्नीने साफ करून घ्यावेत. लेसरचा विचार सोडून द्यावा. तो काळ्या ग्रॅनाइटवर उठून दिसतो, पांढऱ्या संगमरवरावर फिका पडतो.

शुद्धलेखनाबद्दलही सांगतो, कारण हा प्रश्न आखणीच्या वेळी हमखास येतो. पाटीवर ‘त्यांचें’ असे जुने अनुस्वार आहेत. अनुच्चारित अनुस्वार गाळण्याचा नियम १९६२ साली आला आणि इंदुरात पुढेही काही काळ जुनीच सवय टिकली. याच सुमाराच्या पाट्यांवर सावरकरी बाराखडीतले (इ ऐवजी अि लिहिण्याच्या पद्धतीचे) ‘अिंदूर’ही आढळू शकते. जुन्या ओळीतले एकही चिन्ह बदलू नये, आणि वडिलांची ओळ आजच्या लेखनानुसार लिहावी. अक्षराचे वळण घराण्याचे असावे, लेखन मात्र ज्याच्या त्याच्या काळाचे.

दफनभूमीच्या समितीची परवानगी घेतल्यावर आखणीचा कागद पाटीवर ठेवून दहा पावलांवरून पाहावा, मग खाका मारून, म्हणजे कागदावरच्या रेषांना बारीक भोके पाडून त्यांतून पूड थापून, रेषा दगडावर उतरवाव्यात. त्याआधी कारागिराकडून संगमरवराच्याच तुकड्यावर एक शब्द कोरून घ्यावा, आणि तो शब्द सोपा नसावा: त्यात ल, श, एखादे जोडाक्षर, रफार आणि अनुस्वार असावेत. तो तुकडा जुन्या ओळीखाली धरून उन्हात पाहावा. रंग भरताना जुन्या आणि नव्या ओळी एकाच दिवशी, एकाच डब्यातून भरून घ्याव्यात, आणि हे काम पावसाळा संपून दगड पूर्ण वाळल्यावर करावे, कारण ओल्या संगमरवरावरचा एनॅमल पोपडे धरतो.