टक्के खरे, पण कोणत्या प्रश्नाचे?

अमेरिकेतल्या जनमत चाचण्यांबद्दल या सदरात आधीही लिहिलं आहे, तरी पत्रांतला गोंधळ तोच आहे. ज्यांची मुलं, भाचे, सुना तिकडे आहेत असे वाचक कुठेतरी एक टक्केवारी वाचतात, त्यावरून घाबरतात किंवा निर्धास्त होतात, आणि सगळं झाल्यावर मला विचारतात. विचारणं आधी हवं. मानवी हक्क आणि नागरी स्वातंत्र्य या विषयावरची काही पत्रं आज घेतो.

प्रश्न : ‘बहुसंख्य अमेरिकनांना आता भाषणस्वातंत्र्य नको झालंय’ असा मेसेज आमच्या ग्रुपवर फिरतोय. खाली टक्केवारीही आहे. खरं धरायचं का? (पुणे)

उत्तर : नाही. चाचणी कोणी घेतली, कधी घेतली, किती जणांना विचारलं आणि प्रश्नाचे शब्द काय होते, या चार गोष्टी नसतील तर तो मेसेज पुढे पाठवू नका.

प्रश्न : मी एम. ए. करते. जेमतेम हजार लोकांना विचारून तेहतीस-चौतीस कोटींचं मत कसं सांगतात? (कोल्हापूर)

उत्तर : सांगता येतं, पण निवड चिठ्ठ्या काढल्यासारखी झाली असेल तरच. शितावरून भाताची परीक्षा होते, मात्र वरचं, तळाचं, कडेचं असं कुठलंही शीत हाताला लागण्याची शक्यता सारखी हवी. हजार जणांचा नमुना नीट निवडला असेल तर साधारण तीन टक्के इकडे-तिकडे धरायचे.

आकडा मोठा म्हणजे चाचणी चांगली, हा समज १९३६ सालीच मोडीत निघाला. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी एक कोटीच्या आसपास नमुना मतपत्रिका पाठवल्या, सुमारे २४ लाख परत आल्या, आणि त्यावरून अध्यक्ष रूझवेल्ट हरणार, त्यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं त्यांनी छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून. मंदीच्या त्या दिवसांत फोन आणि मोटार कोणाकडे होती हे वेगळं सांगायला नको. शिवाय परत पाठवण्याचे कष्ट घेतले ते ज्यांचा रूझवेल्टवर राग होता त्यांनीच जास्त. चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याच्या तुलनेत मूठभर लोकांना विचारून रूझवेल्ट येणार हे बरोबर सांगितलं. प्रबंधासाठी हे वापरणार असाल तर तुमच्या विभागातल्या संख्याशास्त्राच्या शिक्षकांशी आधी बोला. भारित सरासरीचा, म्हणजे नमुन्यात कमी आलेल्या गटांच्या उत्तरांना जास्त वजन देण्याचा भाग माझ्या चार ओळींवर उरकू नका.

प्रश्न : एका संकेतस्थळावर लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं आहे. ते तरी ग्राह्य का? (नाशिक)

उत्तर : नाही. ज्याला वाटलं त्याने बटण दाबलं, एवढंच त्यावरून कळतं.

प्रश्न : अमेरिकन माणूस स्वातंत्र्याचा एवढा भोक्ता, मग फोनवरच्या पाळतीला, लोकांना डांबून ठेवण्याला तिथे पाठिंबा कसा मिळतो? चाचण्या खोट्या की लोक ढोंगी? (ठाणे)

उत्तर : दोन्ही नाही. हा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून विस्ताराने लिहितो.

हक्क हवेत का, असं विचारलं की जवळजवळ प्रत्येक जण हो म्हणतो. त्या होकारातून फारसं काही कळत नाही. खरा प्रश्न असतो तो ‘कोणाचे हक्क?’ हा. १९६० साली प्रोथ्रो आणि ग्रिग या दोन राज्यशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मिशिगनमधलं अ‍ॅन आर्बर आणि फ्लोरिडातलं टॅलाहासी इथल्या मतदारांना त्यांनी आधी तत्त्वं विचारली. अल्पमतातल्या लोकांना आपलं मत इतरांना पटवून बहुमत मिळवण्याची मोकळीक असावी का? जवळपास सगळे हो म्हणाले. मग त्याच लोकांना नेमकी परिस्थिती दिली : एखादा कम्युनिस्ट रीतसर निवडून येऊन तुमच्या शहराचा महापौर झाला, तर त्याला पदावर बसू द्यावं का? इथे लोकांची मतं फुटली. तत्त्व तेच आणि माणसंही तीच होती. फक्त समोर नावडता माणूस उभा केला होता.

त्याच्या आधी, १९५४ साली, जिथे तिथे कम्युनिस्ट शोधणाऱ्या सिनेटर मॅकार्थींचा दबदबा असताना सॅम्युएल स्टाउफर यांनी देशभर विचारलं होतं, की कबूल कम्युनिस्ट असलेल्या माणसाला तुमच्या गावात भाषण करू द्यावं का? फक्त २७ टक्के हो म्हणाले. नास्तिकाला बोलू द्यावं म्हणणारे ३७ टक्के. आणि जी गोष्ट मला आजही सगळ्यात महत्त्वाची वाटते ती अशी, की तुम्हाला कसली काळजी वाटते असं मोकळं विचारलं तेव्हा लोकांनी पैसा, आजारपण, मुलंबाळं सांगितली. कम्युनिस्टांचा धोका किंवा नागरी स्वातंत्र्य यांतलं काहीही आपणहून सांगणारे एक टक्काही नव्हते. वर्तमानपत्रं त्या विषयाने रोज भरून वाहत होती, आणि घराघरात मात्र त्याची चर्चाही नव्हती.

स्टाउफर यांचे हेच प्रश्न पुढे १९७२ पासून ‘जनरल सोशल सर्व्हे’ या वर्षानुवर्षं चालणाऱ्या देशव्यापी पाहणीत विचारले जाऊ लागले. कम्युनिस्टाला बोलू द्यावं म्हणणारे तेव्हापासून बरेच वाढले. त्यावरून अमेरिका सहिष्णू झाली असं लिहिणारे खूप आहेत. पण सलिव्हन, पियर्सन आणि मार्कस या तिघा राज्यशास्त्रज्ञांनी वेगळा मार्ग घेतला. त्यांनी प्रत्येकाला आधी विचारलं, तुम्हाला सगळ्यात नावडता गट कोणता? आणि मग त्याच गटाच्या हक्कांबद्दल विचारलं. तेव्हा ती वाढ बरीचशी विरघळली. लोकांच्या नावडीची माणसं बदलली होती, नावड होती तशीच होती. वर्णद्वेषी वक्त्याला बोलू देण्याबद्दलची तयारी इतक्या वर्षांत वाढलेली नाही, हेही त्याच सर्व्हेत दिसतं.

आता शब्दांकडे या. १९४० साली अमेरिकेत एकच गोष्ट दोन प्रकारे विचारली गेली. लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांना ‘परवानगी द्यावी का’, असं विचारल्यावर ६२ टक्के म्हणाले देऊ नये. त्याच भाषणांवर ‘बंदी घालावी का’, असं विचारल्यावर हो म्हणणारे ४६ टक्केच निघाले. परवानगी न देणं आणि बंदी घालणं यांचा परिणाम एकच, पण बंदी म्हणताना जीभ अडखळते. सोळा टक्क्यांचा फरक निव्वळ क्रियापदाचा! म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगतो, की टक्केवारी वाचण्याआधी प्रश्न वाचा. बातमीच्या मथळ्यात प्रश्न कधीच नसतो.

सरकार कोणाचं आहे यावरही मत फिरतं. दहशतवादाच्या तपासासाठी सरकारने केलेली फोनवरची पाळत मान्य आहे का, हे प्यू आणि इतर संस्थांच्या चाचण्यांत विचारलं गेलं. २००६ मध्ये, बुश अध्यक्ष असताना, रिपब्लिकनांपैकी ७५ टक्क्यांना ती मान्य होती आणि डेमोक्रॅटांपैकी ३७ टक्क्यांना. जून २०१३ मध्ये, ओबामा अध्यक्ष असताना आणि सरकारी पाळत उघड करणारी स्नोडेन यांची कागदपत्रं नुकतीच बाहेर आलेली असताना, रिपब्लिकन ५२ टक्क्यांवर उतरले आणि डेमोक्रॅट ६४ टक्क्यांवर चढले. प्रश्न दोन्ही वेळी शब्दशः तोच नव्हता हे लक्षात ठेवा, पण दिशा लपत नाही.

आणि भीतीच्या दिवसांत काय होतं ते १९४२ ने दाखवलं. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर मार्चमध्ये झालेल्या चाचणीत, नागरिक नसलेल्या जपान्यांना पॅसिफिक किनाऱ्यावरून हलवणं ९३ टक्क्यांना योग्य वाटलं. अमेरिकेतच जन्मलेल्या, अमेरिकेचे नागरिक असलेल्या जपानी वंशाच्या लोकांनाही हलवावं म्हणणारे ५९ टक्के होते. सुमारे १ लाख २० हजार माणसं छावण्यांत गेली, त्यांतली दोनतृतीयांश नागरिक होती. संसदेने माफी मागून हयात असलेल्यांना प्रत्येकी २० हजार डॉलर देण्याचा कायदा केला तो १९८८ मध्ये. त्या ९३ आणि ५९ टक्क्यांत वाईट माणसंच होती असं समजू नका. शेजारी, दुकानदार, शिक्षक अशीच ती माणसं होती.

तेव्हा, लोकांचा पाठिंबा आहे असं वाचलं की कोणाविरुद्ध, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या आठवड्यात, हे विचारा. समजलं नाही तर चाचण्यांचं काम करणाऱ्या कोणाला तरी मूळ प्रश्नावली दाखवा.

प्रश्न : फाशीच्या बाजूने जास्त अमेरिकन आहेत की विरोधात? (नागपूर)

उत्तर : खुनासाठी फाशी असावी का, एवढंच विचारलं तर निम्म्याहून थोडे जास्त बाजूने. गॅलपच्या चाचण्यांत १९६६ मध्ये ते ४२ टक्के होते आणि १९९४ मध्ये ८०. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये ५६ टक्के फाशीच्या बाजूने असताना, त्याच महिन्यात फाशी की सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप, असे दोन पर्याय दिल्यावर ६० टक्क्यांनी जन्मठेप निवडली. दोन्ही आकडे खरे आहेत. वादविवाद स्पर्धेत त्यांतला एकच सांगाल, तर ती फसवणूक होईल.

प्रश्न : बहुमत विरोधात गेलं तर अमेरिकेत हक्क जातो का? (रत्नागिरी)

उत्तर : नियमाने जात नाही. १९६७ मध्ये ‘लव्हिंग’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहावरची बंदी रद्द केली. दुसऱ्या वर्षी गॅलपने विचारलं तेव्हा गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला मान्यता देणारे २० टक्के होते. २०२१ मध्ये ते ९४ टक्के झाले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबद्दल १९६६ मध्ये ६३ टक्के लोकांचं मत प्रतिकूल होतं, हे आज कोणी सांगितलं तर तिकडच्या शाळकरी मुलांना खोटं वाटेल. राष्ट्रध्वज जाळणं हे अभिव्यक्तीत मोडतं, असा निकाल १९८९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी झाला. लोक संतापले, घटनादुरुस्तीचे प्रयत्न झाले, आणि २००६ मध्ये ती सिनेटमध्ये एका मताने पडली.

पण न्यायालय लोकमतापासून नेहमी अलिप्त राहिलं असंही नाही. १९२३ मध्ये पंजाबातून तिकडे गेलेल्या भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व नाकारताना सर्वोच्च न्यायालयाने मोजपट्टी कोणती घेतली? ‘गोरा’ म्हणजे सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो. म्हणजे लोकांची समजूतच कायदा झाली. त्या निकालानंतर इतर भारतीयांचं नागरिकत्वही सरकार काढून घेऊ लागलं. कॅलिफोर्नियातले वकील सखाराम गणेश पंडित स्वतःच्या नागरिकत्वासाठी लढले आणि अपील न्यायालयात जिंकले. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकायलाच नकार दिला. ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. ती शाळेत शिकवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : ‘तुमचं स्वातंत्र्य धोक्यात आहे, तातडीने सर्व्हे भरा’ असं पाकीट घरी आलं आहे. शेवटी २५, ५०, १०० डॉलरचे चौकोन आहेत. भरू का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : नको. ही वर्गणी आहे, चाचणीचं सोंग घेतलेली. प्रश्नांची उत्तरं कोणी मोजतही नाही, तुमचं नाव-पत्ता आणि कल मात्र यादीत जातो आणि ती यादी पुढे विकली जाऊ शकते. खरी संस्था मत विचारताना पैसे मागत नाही, काही वेळा वेळेबद्दल थोडे पैसे देते. माझ्या व्यवसायाचं नाव वापरून चाललेला हा उद्योग मला संताप आणतो. यामुळे लोक खऱ्या चाचणीचा फोनही उचलेनासे झाले आहेत. कार्डाचा नंबर आधीच दिला असेल तर आजच बँकेशी बोला.

प्रश्न : मुलगा टेक्सासमध्ये एफ-१ व्हिसावर आहे. एका निदर्शनात तो उभा होता. तीन महिन्यांपूर्वी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा ‘भेटून जा’ असा ई-मेल आला. चाचण्यांत बहुसंख्य लोक विद्यार्थ्यांच्या हक्काच्या बाजूने दिसतात, म्हणून आम्ही थांबलो आहोत. बरोबर ना? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : अजिबात बरोबर नाही. तीन महिने! त्याला आज फोन करा आणि उद्या त्या कार्यालयात जायला सांगा.

चाचणीतले लोक तुमच्या मुलाची फाइल बघणार नाहीत. शिवाय याच विषयात लोकांना किती कमी माहिती असते ते पाहा. २०१७ मध्ये अ‍ॅनेनबर्ग केंद्राच्या चाचणीत ५३ टक्के अमेरिकनांना वाटत होतं की बेकायदा आलेल्या स्थलांतरितांना घटनेने कोणतेच हक्क दिलेले नाहीत. हे चूक आहे. चौदाव्या दुरुस्तीत शब्द ‘व्यक्ती’ असा आहे, आणि तिचं संरक्षण परदेशी माणसालाही मिळतं हे १८८६ पासून ठरलेलं आहे. तरीही व्हिसाच्या बाबतीत सरकारच्या हातात मोठे अधिकार असतात. २०२५ मध्ये विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, काहींना अटक झाली, प्रकरणं न्यायालयात गेली. त्याच वर्षी जूनपासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली सोशल मीडिया खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं.

मुलाने काय बोलावं, कुठे उभं राहावं हे मी सांगणार नाही. तो हक्काचा भाग आहे आणि निर्णय त्याचा आहे. पण निर्णय घेण्याआधी डीएसओला, म्हणजे त्या कार्यालयातल्या व्हिसाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला भेटावं, आणि स्थलांतराचं काम करणाऱ्या, त्या देशात परवाना असलेल्या वकिलाकडे तासभर बसावं. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य कायदेशीर मदत असते, तीही विचारा. इकडच्या व्हिसा एजंटाला विचारू नका, शेजाऱ्यांच्या जावयाला विचारू नका. सल्ला मिळेपर्यंत खात्यावरच्या जुन्या पोस्ट पुसत बसू नका. ते करावं की नाही हेही वकिलालाच विचारावं. आणि भारतात यायचं तिकीट काढलं असेल तर निघण्याआधी नक्की विचारावं, कारण परत प्रवेश ही वेगळी बाब आहे.

प्रश्न : मूळ चाचण्या वाचायच्या तर कुठे? (म्हापसा)

उत्तर : प्यू आणि गॅलप यांच्या संकेतस्थळांवर अहवालाबरोबर प्रश्नांचे शब्द असतात. ‘जनरल सोशल सर्व्हे’ची आकडेवारी विनामूल्य मिळते. जुन्या चाचण्या कॉर्नेल विद्यापीठातल्या रोपर केंद्रात आहेत, त्यांतल्या बऱ्याचशासाठी सभासदत्व लागतं, तेव्हा जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांना विचारा. अहवाल उघडलात की शेवटच्या पानापासून सुरुवात करा. प्रश्नावली तिथे असते.