मंडळाच्या गाण्यासाठी आधी शब्द लिहायचे की आधी चाल बांधायची?

आधी ध्रुवपदाची (पुन्हा पुन्हा येणाऱ्या भागाची) एकच ओळ चालीसकट पक्की करा, मग अंतरे, म्हणजे पुढची कडवी, त्याच अंगाने लिहा. मी नाशिकला गणेश मंडळांसाठी गाणी लिहितो. इथे ढोलाचा ठेका बहुधा आधीच ठरलेला असतो, म्हणून हा क्रम सोयीचा पडतो. केरवा तालाच्या ८ मात्रांवर टाळी देत ओळ मोठ्याने म्हणा. जीभ अडखळली की शब्द बदला, चाल राहू द्या. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) वजनदार शब्द आणि शेवटी शक्यतो ‘आ’ किंवा ‘ई’, म्हणजे मिरवणुकीतल्या गर्दीलाही सूर ओढता येतो; ‘भक्त’, ‘मस्त’वर तो तिथेच तुटतो (तरी निम्मी मंडळं तेच मागतात!). अभंग लिहायचा असेल तर मात्र उलट करा: ‘मोठा अभंग’ या प्रकाराचा चार चरणांत ६-६-६-४ अक्षरांचा साचा तयारच असतो, तिथे शब्द आधी.