डॉक्टर नाहीत, मग शाळेत लस घ्यायची का?

शाळेत लसीकरणाची नोटीस लागली की पालकांचा एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. "लस द्यायला डॉक्टर येणार नाहीत म्हणे, नर्स नाहीतर दुसरंच कुणीतरी देणार. सही करू का नको?" या प्रश्नाला केवळ हो किंवा नाही म्हणून भागत नाही. म्हणून एक केस सांगते. कुटुंब ओळखू येऊ नये एवढे तपशील बदलले आहेत.

सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातल्या एक ताई मुलाला घेऊन आल्या. मुलगा पाचवीत. दहाव्या वर्षी टीडीचा डोस असतो, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाविरुद्धची लस. पुढचा सोळाव्या वर्षी. लहानपणी घेतलेल्या डोसांची ताकद हळूहळू उतरते, म्हणून हे दोन. शाळेच्या नोटिशीत "आरोग्य पथक येणार आहे" एवढंच लिहिलं होतं. चौकशी केल्यावर ताईंना कळलं की उपकेंद्राच्या सिस्टर आणि तिथले सीएचओ लस देणार. सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, आणि हे होते बीएएमएस.

"मॅडम, आयुर्वेदाचा डॉक्टर सुई कशी देतो? उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

बीएएमएस झालेल्यांना आणि नर्सिंगची पदवी घेतलेल्यांना सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करून सीएचओ म्हणून नेमतात, हे मी सांगितलं. 2021 च्या जानेवारीत कोविडची लस सुरू झाली तेव्हा टोचणाऱ्यांमध्ये एमबीबीएस डॉक्टरांबरोबर दंतवैद्य, स्टाफ नर्स, एएनएम (म्हणजे उपकेंद्राच्या सिस्टर) आणि फार्मासिस्टही होते, तेही सांगितलं. ताईंनी मान हलवली, पण चेहरा तसाच होता. माहिती दिल्यावरही चिंता जागची हलत नसेल तर तिचं मूळ दुसरीकडे असतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून विचारलं, "घरात याआधी कुणाला सुईचा त्रास झालाय का?"

मग मोठ्या मुलीची गोष्ट बाहेर आली. 27 नोव्हेंबर 2018 पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी, शाळाशाळांतून. मुलगी तेव्हा चौथीत होती. लस घेऊन उठली आणि धाडकन खाली पडली. घरात तेव्हापासून एकच वाक्य ठरलं: "नर्सबाईने सुई चुकीची मारली."

मी बारीकसारीक विचारत गेले. सकाळी काय खाल्लं होतं? काहीच नाही, भीतीने डबासुद्धा उघडला नव्हता. रांगेत किती वेळ उभी होती? बराच, आणि पुढच्या मुली रडताना दिसत होत्या. पडली तेव्हा अंगावर पित्त उठलं का, ओठ सुजले का, दम लागला का? नाही. घाम आला होता, चेहरा पांढराफटक पडला होता. आडवी केल्यावर? लगेच डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

निदान करणं माझं काम नाही. हे सगळं तसंच्या तसं तुमच्या फॅमिली डॉक्टरांना सांगा, असं मी म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ती घेरी होती, असं सांगितलं. भीती, उपाशीपोट आणि रांग एकत्र आली की नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि माणूस कोसळतो. किशोरवयात हे जास्त होतं, आणि एक मुलगी पडली की मागच्या दोघीतिघींनाही गरगरायला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने अशा प्रकारांना लसीकरणाच्या ताणातून येणारी प्रतिक्रिया म्हणून वेगळं नाव दिलं आहे. सुई एमबीबीएस डॉक्टरांनी दिली असती तरी ती मुलगी त्या दिवशी पडलीच असती. हे ऐकून ताई कितीतरी वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं त्या बाईंना बोल लावला."

खरी गंभीर ॲलर्जी वेगळी. ती फार विरळा, दहा लाख डोसांमागे साधारण एक, पण तिच्यात मिनिटं मोलाची असतात. म्हणून लस दिल्यावर अर्धा तास थांबवतात आणि पथकाजवळ ॲड्रेनॅलिनचं, म्हणजे अशा ॲलर्जीवर तातडीने द्यायच्या इंजेक्शनचं, किट असतं. अशी शंका आली तर ॲड्रेनॅलिनचा पहिला डोस मांडीत देण्याचं प्रशिक्षण एएनएमना दिलेलं असतं. माझं स्पष्ट मत आहे की टोचणारे हात वाढवायला हवेत. सपाट भागात एका उपकेंद्राकडे पाच हजार लोकसंख्या धरतात, त्यात बाळंतपणं, बाळांच्या लसी, नोंदी. एकट्या सिस्टरने शाळा कधी करायच्या? पण हात वाढवताना तो अर्धा तास आणि ते किट यात काटकसर झालेली मला चालणार नाही.

पुढच्या आठवड्यात ताई उपकेंद्रात जाऊन आल्या. सिस्टरने वैतागण्याऐवजी त्यांना टीडीची बाटली हातात घेऊन दाखवली. लेबलवरच्या वर्तुळात एक चौकोन असतो. तो वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस उष्णतेने बिघडलेली नाही. सिरिंज एकदा वापरली की दट्ट्या अडकतो, दुसऱ्यांदा ओढताच येत नाही, तेही करून दाखवलं. सीएचओंनी आपलं नाव, पद आणि प्रशिक्षण न विचारता सांगितलं. माझ्या तासभराच्या बोलण्याने झालं नसतं ते तिथे झालं.

मुलाशी मी वेगळी बोलले. त्याला डॉक्टर कोण याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. "दीदी पडली तसा मी पडलो तर पोरं हसतील," एवढंच त्याचं म्हणणं. "दुखणार नाही" असं मी कधीच सांगत नाही, कारण दुखतं. चार सेकंद दुखेल, दंड दोन दिवस ठणकेल, असं सांगितलं. मग खुर्चीत बसून मांड्या-पोटऱ्या दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायच्या, सैल सोडायच्या, पुन्हा आवळायच्या, हे करून घेतलं. घेरी येणाऱ्यांना याचा उपयोग होतो, रक्तदाब टिकून राहतो. पोटभर नाश्ता आणि रांगेत पहिल्या पाचांत नंबर, हे वर्गशिक्षिकेला ताईंनी चिठ्ठीने कळवलं.

त्याने शाळेत लस घेतली. दीदीचा सोळाव्या वर्षीचा डोस राहिला होता, तो तिने प्राथमिक आरोग्य केंद्रात आडवं पडून घेतला. वडिलांचा मात्र अजून आग्रह आहे की पुढची प्रत्येक लस खाजगी दवाखान्यातच द्यायची. तो त्यांचा निर्णय, मी वाद घातला नाही.

शाळांकडे माझी एक मागणी आहे. नोटिशीत नुसतं "आरोग्य पथक" लिहू नका. कोण देणार, त्यांचं पद काय, लस कुठली, अर्धा तास मुलं कुठे बसतील, हे लिहा. आणि पालकांनो, ते लिहिलेलं नसेल तर सही करण्याआधी उपकेंद्रात जाऊन विचारा. आधी कुणाला घेरी आली असेल किंवा कशाची ॲलर्जी असेल, तर ते संमतीपत्राच्या मागे ठळक लिहून द्या.